पाण्याची फवारणी 'बसवा आणि विसरा' म्हणणाऱ्यांना

थेंबेथेंब:
"टर्बो ट्रकला पाण्याची फवारणी बसवा आणि विसरा. एक्झॉस्टचे तापमान दीडशे अंशांनी उतरते, डिझेल वाढवायला मोकळीक मिळते, आणि देखभाल म्हणाल तर फक्त टाकी भरायची," असे 'चढणकरी' यांनी काल लिहिले आणि खाली सहमतीची रांग लागली. ती रांग पाहून हे लिहिणे भाग पडले. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र, आणि फवारणी म्हणजे आत जाणाऱ्या त्या हवेत नोझलच्या बारीक छिद्रातून पाणी सोडणे.

पाणी थंडावा देते याबद्दल वाद नाही. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती कुठून तरी घेतली जाणारच. पण जरा हिशेब मांडू. 300 किलोवॅटचे इंजिन पूर्ण भाराखाली तासाला साधारण 60 किलो डिझेल जाळते आणि त्यासाठी 1,500 किलोच्या आसपास हवा ओढते. डिझेलच्या पाचव्या हिश्शाइतके, म्हणजे तासाला 12 किलो पाणी सोडले आणि त्यातला थेंब न् थेंब वाफ झाला असे मानले, तरी हवा थंड होते ती वीसेक अंशांनी. याउलट टर्बोतून 180 अंशांवर निघालेली हवा इंटरकूलर, म्हणजे समोरच्या वाऱ्याने ती गार करणारा जाळीदार भाग, 50 अंशांपर्यंत खाली आणतो, आणि त्याला ना पंप लागतो ना टाकी. इंटरकूलरच्या जाळीत चिखल बसलेला, रबरी नळी क्लॅम्पपाशी फुसफुसते आहे, आणि मालक फवारणीचा संच शोधतो आहे, म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. फवारणीच्या भरवशावर तुम्ही डिझेल वाढवले की ती सोय राहत नाही, इंजिनाचा आधार होते. पंप बंद पडला किंवा नोझल तुंबले तर ट्रक तितक्याच जोराने ओढत राहतो, आवाज बदलत नाही, आणि पिस्टनच्या माथ्यावर काय चालले आहे हे चालकाला कळत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा असेल, तर ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण त्याची ताकद त्याच्या फार आधी गेलेली असते. 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बोच्या पेट्रोल मोटारीत पाणी आणि मेथॅनॉल या अल्कोहोलचे मिश्रण होते, ते संपले तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आपोआप कमी करणारी झडपही होती, तरीसुद्धा मालक टाकी भरेनात. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. माणूस टाकी भरायला विसरतो, हे त्यांनी भरपूर पैसे खर्चून शोधले. आपण ते फुकटात शिकावे.

चढणकरी:
आपला हिशेब सुबक आहे, परंतु ट्रक कागदावरून चढत नाही. भरलेला ट्रेलर घेऊन लांब चढणीवर मी पायरोमीटरचा, म्हणजे एक्झॉस्टच्या तापमापकाचा, काटा डोळ्यांनी उतरताना पाहिला आहे, आणि तो वीस अंशांवर थांबलेला नाही. पेट्रोलच्या मोटारीचे उदाहरण डिझेल ट्रकला लावणे हेही मला पटत नाही. तिथे पाणी संपले की इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकू लागते, इथे तो प्रश्नच नाही. आणि 'विसरा' हा शब्द बोलण्याच्या ओघात आला. त्याला धरून एवढे मोठे प्रवचन होईल असे वाटले नव्हते.

राहता राहिला डिझेल वाढवण्याचा मुद्दा. नव्या इंजिनांत एक्झॉस्टचा धूर परत आत कोंबून, काजळीने सेवन मार्ग, म्हणजे हवा आत जायचा रस्ता, अर्धा बुजवून, वर आम्हालाच सांगितले जाते की इंजिनाला हात लावू नका. त्या इंजिनाला श्वास घ्यायला मदत केली तर आम्ही गुन्हेगार ठरतो.

पाना_तेरा:
श्वास घ्यायला मदत करताना ते बुडू नये, एवढे पाहा. दुरुस्तीला आलेल्या एका ट्रकचे सांगतो. फवारणीची टाकी चालककक्षाच्या मागे, नोझलपेक्षा वरच्या पातळीवर बसवलेली होती. सोलेनॉइड झडपेच्या, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या झडपेच्या, बैठकीत वाळूचा एक कण अडकला होता, टाचणीच्या टोकापेक्षाही लहान. ट्रक रात्रभर उभा राहिला, पाणी स्वतःच्या वजनाने सेवन मार्गात पाझरत राहिले, आणि सकाळी चालकाने नेहमीप्रमाणे चावी फिरवली. 12 लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनात पिस्टन वर आल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे 125 मिलिलिटर जागा उरते, म्हणजे पेलाभर पाणीही नाही. पाणी दाबले जात नाही, तेव्हा वाकला तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड. आता याला विश्वासार्ह म्हणायचे असेल तर म्हणा.

चढणकरी:
हा दोष ज्याने टाकी वर बसवली त्याचा आहे, फवारणीचा नव्हे. टाकी नोझलच्या खाली ठेवावी, झडप नोझलच्या जवळ असावी आणि पंपाच्या आधी गाळणी असावी, हे संचाबरोबरच्या पत्रकातच असते. पत्रक न वाचणाऱ्यांच्या करामती माझ्या माथी मारू नयेत.

नितळ:
दोघांनाही एक साधा प्रश्न विचारतो, कारण कोणीच त्याला हात लावलेला नाही. आत सोडता ते पाणी कोणते?

चढणकरी:
पाणी ते पाणी. स्वच्छ नळाचे.

नितळ:
मग नोझल तुंबते याचे आश्चर्य का वाटावे? लिटरमागे 300 मिलिग्रॅम क्षार असलेले, म्हणजे पिण्यास अगदी योग्य असे पाणी तासाला 12 लिटर सोडले, तर तासाला साडेतीन ग्रॅमहून अधिक क्षार इंजिनात जातात. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. नोझलचे छिद्र एक मिलिमीटरपेक्षा लहान असते. त्याच्या कडेला पांढरी कड धरली की पंख्यासारखी फवार एका बाजूला कलते आणि पुढे तिची सरळ धार होते. धारेचे थेंब जड असतात, हवेबरोबर वळत नाहीत, नळीच्या भिंतीवर आपटून ओघळतात आणि एखाद्याच सिलिंडरला भेट देतात. डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी गाळणी, असलेल्या ट्रकमध्ये तर हे क्षार राखेबरोबर गाळणीत कायमचे मुक्कामाला राहतात, कारण काजळी जाळता येते, चुना जाळता येत नाही. डिस्टिल्ड पाणी वापरा, एवढेच म्हणणे आहे.

घाटवळण:
डिस्टिल्ड पाणी भुकेले असते. क्षार नसल्याने ते धातू ओढून घेते आणि पितळी जोड खाते. मी वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी साठवून वापरतो. ते आपसूक मिळते आणि त्यात क्षार नसतात.

नितळ:
आपल्या म्हणण्यात एकाच दमात दोन विधाने आहेत आणि ती एकमेकांना खोडतात. वातानुकूलन यंत्राचे पाणी क्षारविरहित म्हणून चांगले, आणि डिस्टिल्ड पाणी क्षारविरहित म्हणून वाईट! वर त्या ठिबकणाऱ्या पाण्यात जाळीवरची धूळ आणि बुरशी असते ती वेगळीच. उबदार टाकीत ते काही आठवडे ठेवा आणि मग गाळणी उघडून पाहा. बोटाला बुळबुळीत साय लागेल.

घाटवळण:
माझ्या गाळणीला कधीही साय लागलेली नाही. आपण माझी टाकी पाहिलेली नसताना तिच्याविषयी इतक्या ठामपणे लिहिता, याला काय म्हणावे? शिवाय मी त्यात मेथॅनॉल घालतो. त्यात शेवाळ जगत नाही आणि थंडीत पाणी गोठतही नाही.

पाना_तेरा:
मेथॅनॉलचे नाव निघाले ते बरे झाले, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. अकरा-बारा अंशांनाच त्याची पेटण्याजोगी वाफ निघते, त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, ते ॲल्युमिनियमला खाते आणि पोटात गेले तर डोळे घालवते. चालकाच्या पाठीमागे त्याची टाकी बांधणारे पितळी जोडांची काळजी करतात, याची गंमत वाटते. डिझेल इंजिनात ते हवेबरोबर आधीच आत शिरलेले असते, त्यामुळे कधी पेटायचे हे डिझेल सोडणारा इंजेक्टर ठरवत नाही. प्रमाण वाढले की ते आधीच भडकते, दाबाचा तडाखा बसतो आणि हेड गास्केट, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाचे सीलबंद अस्तर, जाते.

घाटवळण:
दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांत अर्धे मेथॅनॉल चालत होते, आणि ते आपल्या ट्रकपेक्षा नाजूक यंत्र होते.

पाना_तेरा:
ती पेट्रोलची विमाने होती, ते मिश्रण एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त वापरायचे नाही असा नियम होता, आणि विमान उतरल्यावर इंजिनाची तपासणी करणारे पथक हजर असे. आपल्या चढणी दहा मिनिटांत संपत असतील तर अभिनंदन.

थेंबेथेंब:
पाण्याच्या प्रकारांवर ही चर्चा अशीच वाहत राहील, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. चढणकरी, दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. आपल्या टाकीत मेथॅनॉल आहे का? आणि पायरोमीटरचे टोक टर्बोच्या आधी आहे की नंतर?

चढणकरी:
मिश्रण निम्मे-निम्मे आहे. नळाचे म्हणालो ते उरलेल्या निम्म्याविषयी. टोक टर्बोच्या नंतर आहे, आणि ते जाणूनबुजून तसे आहे. आधी बसवले आणि टोक तुटले तर ते थेट टर्बाइनच्या पात्यांत जाते.

थेंबेथेंब:
तर मग दीडशे अंशांचा उलगडा झाला. मेथॅनॉल स्वतःच इंधन आहे. तेवढ्याच वेगासाठी पेडल कमी दाबावे लागते, डिझेल कमी जाते आणि काटा उतरतो. त्याचे सगळे श्रेय पाण्याला देणे म्हणजे पाण्यावर उपकार करणे झाले. टोकाविषयीची आपली भीती रास्त आहे, हे मान्य करतो. पण भाराखाली टर्बाइनच्या आधीचे तापमान नंतरच्यापेक्षा शंभर अंशांहूनही अधिक असू शकते, तेव्हा आपला काटा निवांत दिसतो त्या वेळी पिस्टन निवांत असतोच असे नाही.

सावकाश:
मी जहाजाच्या इंजिनखोलीत काम केले आहे. तिथे नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू कमी करण्यासाठी सिलिंडरमध्ये थेट पाणी सोडणारी इंजिने होती. वार्टसिला या फिनलंडच्या इंजिन कंपनीची ती पद्धत ते प्रमाण निम्म्यावर आणते. ती चालत असे, कारण पाणी शुद्ध करणारे यंत्र जहाजावरच होते, मापके चोवीस तास पाहणारी माणसे होती आणि पाण्याची नोझल ठरल्या तासांनी बदलली जात. तेव्हा पद्धत अविश्वसनीय आहे असे मी म्हणणार नाही. ट्रकमध्ये या तिन्ही गोष्टी एकट्या चालकाच्या गळ्यात पडतात, एवढाच फरक आहे.

चढणकरी:
चला, निदान कोणीतरी पद्धतीला शिव्या न देता बोलले. थेंबेथेंब यांच्या समाधानासाठी सांगतो की नोझलच्या अलीकडे प्रवाहमापक बसवणार आहे. प्रवाह थांबला की बूस्ट आणि डिझेल दोन्ही मूळ पातळीवर येतील, अशी जोडणी करून घेतो. आता तरी आपल्या न्यायालयाने आम्हाला जामीन द्यावा.

थेंबेथेंब:
जामीन मंजूर, पण हजेरी लावावी लागेल. पंप फिरतो आहे एवढेच दाखवणाऱ्या दिव्यापेक्षा प्रवाहमापक कितीतरी बरा. मात्र पाणी गेले, एवढेच तो सांगेल. ते फवारले गेले की धारेने ओघळले, हे तो सांगणार नाही. त्यासाठी दर तेलबदलाच्या वेळी नोझल काढून, रिकाम्या काचेच्या बरणीत पंप चालवून, फवार डोळ्यांनी पाहावी लागेल.

चढणकरी:
पाहीन. मिश्रण मात्र निम्मे-निम्मेच राहील.

नितळ:
आणि उरलेले निम्मे नळाचेच?

चढणकरी:
डिस्टिल्ड आणतो. आता झोपू द्या.