पडवीतला गट आणि ऑगस्टातली गोची

सिगरेट सोडायला एकमेकांना धरून बसणाऱ्या गटांबद्दल एकांनी लिहिलंय, 'गटबिट शहरातले चोचले, मनात आणलं की सिगरेट सुटते.' मी मनात आणून चार वेळा सोडली आणि चारही वेळा परत लागली, म्हणून लिहितो.

आमच्या मालवणकडे गट म्हणजे देवळाच्या पडवीत बसणारे आम्ही सातजण. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर. विडी ओढायला आणि सोडायलाही हाच मोकळा वेळ. पहिले तीन दिवस वाईट. तल्लफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, पण तेवढा वेळ समोर कुणीतरी लागतं. आमचा तांडेल (होडीचा म्होरक्या) खिशात कोकमाची सोलं ठेवायचा, तल्लफ आली की एक गालात. (शर्टाचा खिसा कायम लाल, वहिनींचा राग वेगळाच.)

खरी गोची ऑगस्टात. रात्रभर जाळ्यावर जागायचं, बाजूचा खलाशी पेटवतो, आणि खोल समुद्रात फोनला रेंज नाही. दोघे तिथेच घसरले. त्यांना कुणी बोल लावला नाही, पुन्हा पडवीत बसवलं. पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो, समुपदेशक बोलतात. बोट सुटायच्या आधीच लावा. यंदा गटातल्या दोघांना एकाच बोटीवर पाठवतोय. बघू.