'बेवड' म्हणजे सुपीकता नव्हे

शेतीतल्या 'बेवड' या शब्दाचा अर्थ कुणी 'जमिनीची सुपीकता वाढणे' असा देतात. तो अर्धाच आहे.

आधीचं पीक काढल्यावर रान ज्या स्थितीत उरतं, तो त्या पिकाचा बेवड. हरभऱ्याचा चांगला, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. मुळं रानातच कुजली की त्यातला काही पुढच्या पिकाला मिळतो. ज्वारीचा मात्र वाईट. तिची धसकटं कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. सुपीकता वाईट असते असं कुणी म्हणेल का? बेवडाला चांगला-वाईट लावावंच लागतं.

इंदूरच्या मराठी घरांत आम्ही 'उपजाऊ' म्हणून मोकळे होतो. आई अपवाद. सांवेरकडचं आमचं रान वाट्यानं दिलंय. श्रावणात तिनं सोयाबीनचं एक झाड उपटलं, मुळावरची गाठ नखानं चिरली. आत गुलाबी, म्हणजे गाठ कामाला लागलेली. "यंदा बेवड चांगला होणार बरं का," असं ती मला म्हणाली. वाटेकरी माळवी बोलणारा, त्याला 'बेवडा' ऐकू आलं. बिचारा शपथा घ्यायला लागला!

खरं तर विभक्ती लागली की घोळ मिटतो. 'सोयाबीनच्या बेवडावर गहू' पेरतात. 'बेवड्यावर' फार तर गुन्हा दाखल होतो. घर-घरावर, घोडा-घोड्यावर, तसंच.

बाहेरून काही घालून जमीन सुधारली, तर तो बेवड नाही. त्याला 'कस वाढवणे' म्हणावं. शेतीच्या पुस्तकांतली कंपोस्टची 'इंदूर पद्धत' आमच्या गावचीच. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे होते, तेव्हा त्यांनी ती बसवली: काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, अधूनमधून ढीग वरखाली करायचा, साधारण तीन महिन्यांत खत तयार. त्या खतानं कस वाढतो, बेवड होत नाही. 'कस' शब्दाचा पसाराही मोठा: सकस अन्न, निकस जमीन, सोन्याचा कस. सगळीकडे आतला दम.

कस वाढवण्याला 'मृदा समृद्धीकरण' म्हणणं तेवढं नको. 'समृद्धीकरण' युरेनियमला राहू द्या.

वऱ्हाडात, खानदेशात बेवड रोजच्या बोलण्यात आहे, की नुसतं 'हरभऱ्यावर गहू' म्हणून भागवता?