हायलाइट केलेले केस घरी पुन्हा तपकिरी करताना हिरवट छटा का येते?

शहापूरची_लेक

नमस्कार. पुण्यात नोकरीला असताना आठ महिन्यांपूर्वी मी केसांना मधाच्या रंगाचे हायलाइट करून घेतले होते. आता बेळगावला परत आले आहे आणि पुढील महिन्यात एका शाळेत रुजू व्हायचे आहे, म्हणून केस मूळ रंगावर आणायचे आहेत. माझा मूळ रंग गडद तपकिरी आहे, काळाभोर नाही. मुळांकडे चार-पाच बोटे लांबीचा मूळ रंग आला असून त्याखाली पिवळसर पट्टे उरले आहेत. खडे बाजारातून ‘अ‍ॅश ब्राउन’ शेडचा रंग आणला आणि सगळ्या डोक्याला लावण्याआधी मानेजवळच्या एका बटेवर लावून पाहिला. धुतल्यावर ओली बट तपकिरीच दिसत होती. ती वाळल्यावर गॅलरीत उन्हात धरून पाहिली, तर पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर शेवाळ धरते तो रंग! त्याच बटेत जे मूळ रंगाचे केस होते, त्यांच्यावर मात्र काहीही वावगे दिसत नाही. दोष रंगाचा, आमच्या बोअरच्या पाण्याचा, की माझ्या पद्धतीचा? आई म्हणते, मेंदी लाव आणि मोकळी हो.

कंगवा_निपाणी

ताई, रंग खराब नाही आणि पाण्याचा वाटा असलाच तर थोडा आहे. शेड चुकली, आणि त्याहीपेक्षा, मधली एक पायरी राहून गेली. गेली बरीच वर्षे निपाणीत पार्लर चालवते. हायलाइट करून घेणाऱ्यांपेक्षा ते घरी झाकायला जाऊन हिरवट केस घेऊन येणाऱ्याच मला अधिक भेटतात.

आपल्या गडद केसांत तपकिरीच्या पोटात तांबडा, नारिंगी आणि पिवळा असे रंग दडलेले असतात. हायलाइटसाठी लावलेले ब्लीच आधी गडदपणा खाते, मग तांबडा, मग नारिंगी, आणि शेवटी पिवळा तेवढा मागे राहतो. ट्यूबमधला तपकिरी रंग हे गृहीत धरून बनवलेला असतो की केसांत तांबूसपणा आहेच. शिवाय ‘अ‍ॅश’ म्हणजे राखाडी छटा; केसांतला तांबूसपणा मारण्यासाठी तिच्यात निळी किंवा हिरवी झाक मुद्दाम घातलेली असते. आपल्या पट्ट्यांत मारायला तांबूसपणा उरलेलाच नाही, मग ती निळी झाक थेट पिवळ्यावर बसली. निळा आणि पिवळा मिळून काय होते, हे शाळेत जाणाऱ्या बाईंना मी सांगायला नको.

तपकिरी हा शब्द ‘तपकीर’वरून आला आणि तपकीर तंबाखूची, तेव्हा निपाणीकराला या रंगाबद्दल बोलण्याचा थोडा हक्क आहे असे मी धरून चालते. तंबाखूचे हिरवे पान वाळताना आधी पिवळे पडते, मग तांबूस होते आणि त्यानंतर तपकिरी. आपल्या पिवळ्या पट्ट्यांनाही त्याच वाटेने न्यायचे आहे: आधी तांब्याचा रंग, त्यावर तपकिरी. पार्लरच्या भाषेत याला ‘फिलर’ देणे म्हणतात.

शेडचा आकडा नीट वाचावा. बहुतेक कंपन्यांत टिंबाच्या आधीचा आकडा गडदपणा सांगतो (1 म्हणजे काळा, 10 म्हणजे अगदी फिकट) आणि टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो. बहुधा 1 म्हणजे राखाडी, 3 सोनेरी, 4 तांब्याची. आपल्याला शेवटी 4 किंवा 5 वर उतरायचे असेल, तर फिलरसाठी त्याहून एक-दोन पायऱ्या फिकट अशी सोनेरी-तांबूस शेड घ्यावी, म्हणजे 6.34 सारखी. ती फक्त पिवळ्या पट्ट्यांवर लावावी. पट्टे गाजरासारखे दिसू लागले की घाबरून जाऊ नये, तेच हवे आहे. मग कोमट पाण्याने धुऊन, शाम्पू न लावता, जुन्या पंच्याने टिपून घ्यावेत आणि त्यावर 5.0 किंवा 5.3 लावावी. ‘अ‍ॅश’ नावाला हात लावू नये. मूळ रंग 4 असला तरी 5 च घ्यावी, कारण ब्लीच झालेला केस सच्छिद्र असतो, तो रंग अधाशासारखा पितो आणि एक पायरी गडदच दिसतो. काळे झालेले केस पुन्हा उजळ करणे हे हिरव्यापेक्षा मोठे दुखणे आहे.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट डेव्हलपरची, म्हणजे रंगात कालवायच्या पेरॉक्साइडच्या द्रावणाची. पांढरे केस झाकण्याच्या रंगासोबत बहुधा 6 टक्क्यांचा, म्हणजे 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर येतो. तो आपल्या मुळांकडच्या चांगल्या केसांना उगाच उजळवतो आणि टाळूच्या उष्णतेने तिथे तांबूस पट्टा उठतो. आपल्याला काही उजळवायचे नाही, केवळ भरायचे आहे, तेव्हा डेमी-परमनंट, म्हणजे हळूहळू उतरणाऱ्या प्रकारचा रंग आणि 3 टक्के किंवा त्याहून सौम्य डेव्हलपर पुरे. किती वेळ ठेवायचा ते पाकिटावर लिहिलेले असते, पण सच्छिद्र केसांवर दर पाच मिनिटांनी एक बट पुसून पाहावी आणि हवा तो रंग आला की घड्याळाकडे न पाहता धुवावे.

जांबोटीची_वहिनी

आईंचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, पण अर्धे आहे. दोन वर्षांपूर्वी मी हेच केले होते. घाई होती, म्हणून मेंदी वगळून नुसती इंडिगोची, म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची पावडर ब्लीच केलेल्या बटांना लावली. झालेला रंग भरल्या वांग्याच्या देठासारखा होता. नंदेने पाहिले आणि दोन दिवस ती हसत होती. मग नाइलाजाने वर शुद्ध मेंदी लावली, तेव्हा कुठे तो रंग माणसात आला. वरचे उत्तर वाचून आज उमगले की मेंदीचा नारिंगी रंग म्हणजे आमच्या आज्यांचा फिलरच. आधी मेंदी, दुसऱ्या दिवशी नीळ, हा क्रम उगाच पडलेला नाही.

मात्र नुसती मेंदी पिवळ्या पट्ट्यांवर भडक नारिंगी बसते आणि ती सहज निघत नाही. शिवाय बाजारातल्या काही तयार मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पुढे पेरॉक्साइडचा रंग लावला तर केस तापतात, तुटतातसुद्धा. मेंदीचा मार्ग धरायचा असेल तर शुद्ध मेंदी घेऊन त्याच मार्गाने जावे, आणि दोन्ही मार्ग मिसळू नयेत.

चिकोडी_औषधे

औषधांच्या दुकानात बसत असल्यामुळे एवढेच सांगतो. टिकाऊ रंगांत, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालातही, पीपीडी नावाचे द्रव्य असू शकते. काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी येते. कपाळ, पापण्या सुजतात. पूर्वी कितीही वेळा रंग लावला असला, तरी ती नव्याने उद्भवू शकते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा रंग लावून 48 तास वाट पाहावी. खाज, पुरळ, सूज यांपैकी काही दिसले तर रंग वापरू नये. लहानपणी लग्नात काळ्या मेंदीने हातावर फोड आले असतील, तर विशेष जपावे.

शहापूरची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. मेंदीचा विचार सोडला. दोन शंका आहेत. पट्टे मूळ केसांत इतके मिसळले आहेत की वेगळे कसे काढायचे? आणि बोअरच्या पाण्याचे काय? आमच्या बादलीच्या तळाशी पांढरा थर बसतो.

कंगवा_निपाणी

शेपटीच्या कंगव्याने पातळ भांग पाडत जावे, पिवळे केस उचलून त्यांच्याखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी ठेवावी आणि ब्रशने रंग लावून दुमडावे. फिलर थोडा मूळ केसांना लागला तरी बिघडत नाही, सौम्य डेव्हलपरमुळे तिथे फारसे काही दिसणार नाही. मागच्या बाजूसाठी आईला बसवावे, एकटीने करू नये. रंग प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या वाटीत कालवावा, स्टीलच्या नाही. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन लावावे.

जड पाण्यातले लोह आणि तांबे सच्छिद्र केसांत बसते आणि रंगाची छटा बिघडवते, हे खरे. आदल्या दिवशी क्लॅरिफायिंग, म्हणजे केसांवर साठलेला थर काढणाऱ्या शाम्पूने एकदा धुवावे आणि रंगानंतरच्या शेवटच्या धुण्याला नळाचे किंवा फिल्टरचे दोन तांबे पाणी राखून ठेवावे. नळाला राकसकोप जलाशयाचे पाणी येत असेल त्या दिवशीच बेत करावा! पुढे दोन-तीन दिवस केस धुऊ नयेत, आणि रिठ्याने तर महिनाभर नाही. त्याने नवा रंग लवकर उतरतो. न्हाण्याआधी खोबरेल लावले तर चांगलेच. पट्ट्यांवरचा रंग पाच-सहा आठवड्यांत थोडा फिका पडेल, तेव्हा फक्त वरची शेड पुन्हा द्यावी, फिलर नको.

शहापूरची_लेक

काल रविवारी केले. कानामागची चाचणी शुक्रवारी लावली होती, काही उठले नाही. फिलरनंतर आरशात पाहिले तेव्हा आई ‘अगो बाई’ म्हणून गप्पच बसली, इतके ते नारिंगी दिसत होते. वर 5.3 लावली, पंधराव्या मिनिटाला पुसलेली बट मुळांशी जुळली, म्हणून लगेच धुतले, पाकिटावर जास्त वेळ लिहिलेला असूनही. आज उन्हात पाहिले: उजव्या कानाजवळच्या दोन बटा किंचित तांबूस आहेत, बाकी कुठे रंगाची रेघ दिसत नाही. मानेजवळच्या शेवाळी बटेलाही तोच फिलर लावला होता. तांबड्याने हिरवा मेला, पण ती एकच बट बाकीच्यांपेक्षा गडद झाली आहे. वेणी घातली की आत जाते.