मदत हवी आहे: डेबियन ११ वरून १२ केल्यावर सुडो गेले

रिमोट सर्व्हर डेबियन (लिनक्स प्रणाली) ११ वरून १२ वर नेला आणि सुडो, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी प्रशासकाच्या) अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय, गेली. अपग्रेडमध्ये सुडोअर्स फाइलबद्दल (सुडो कोणाला वापरता येईल ते ठरवणारी फाइल) विचारणा झाली, तेव्हा पॅकेजची नवी फाइल स्वीकारली गेली. आमच्या युजरची परवानगीची ओळ थेट त्याच फाइलमध्ये होती (ती सुडोअर्स-डी फोल्डरात स्वतंत्र हवी होती, हे आता कळतंय). युजर सुडो ग्रुपातही (ज्याला सुडोची परवानगी मुळातच असते) नाही. जुनी फाइल डीपीकेजी-ओल्ड या शेपटाने शेजारीच पडली आहे, पण रूटशिवाय हात लावता येत नाही.

एसएसएच की (दूरून लॉगिन करण्याची किल्ली) चालते, साधं लॉगिन होतं. रूटचा पासवर्ड लॉक आहे म्हणून एसयू (पासवर्ड देऊन रूट होण्याची आज्ञा) बाद, आणि रूटला एसएसएचने प्रवेशही बंद आहे.

रेस्क्यू मोडचा (सर्व्हर बंद करून वेगळ्या प्रणालीतून दुरुस्तीचा) मार्ग माहीत आहे: एलव्हीएम (डिस्कचे विभाग सांभाळणारी सोय) सुरू करायचं, डिस्क माउंट करून (जोडून) सीएचरूट (त्या डिस्कलाच मूळ प्रणाली मानून काम), युजरला सुडो ग्रुपात घालायचं, व्हिसुडो-सीने (सुडोअर्समधल्या चुका शोधणारी आज्ञा) तपासणी, रीबूट. अडचण ही की डेटाबेस चालू आहे आणि तो बंद ठेवणं फार जड जाईल.

युजर डॉकर (कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत प्रोग्राम चालवणारी सोय) ग्रुपात आहे. डॉकर रूट म्हणूनच चालतो, युजर नेमस्पेस रीमॅप नाही, म्हणजे कंटेनरमधला रूट हाच होस्टचा (मूळ सर्व्हरचा) रूट. मग कंटेनरमध्ये होस्टची मूळ फाइलसिस्टिम माउंट करून सुडोअर्स-डीमध्ये नवी फाइल टाकली तर? मालक रूट, परवानगी ०४४० (फक्त वाचण्याची), नावात टिंब नाही, कारण टिंब असलेली फाइल सुडो वाचतच नाही. त्या फाइलमध्ये एक चूक राहिली तरी वाट पुन्हा अडेल, म्हणून कंटेनरमधूनच होस्टवर सीएचरूट करून व्हिसुडो-सी चालवणं पुरेसं आहे का? हे कोणी चालू सर्व्हरवर केलं असेल तर नेमका क्रम सांगा.