राजीनामा, चेष्टा आणि आमची पुण्याची ताई, मदत हवी आहे

मंडळी, मी इंदौरचाच, पलासियाला ऑफिस. महिन्याभरापूर्वी पुण्याहून एक ताई बदली होऊन आल्यायत, हिंदी समजते म्हणाल्या होत्या, पण समजते ती मराठीतून!

पहिल्याच मीटिंगमधे सर म्हणाले "थोड़ी चेष्टा कीजिए, टार्गेट हो जाएगा", तर ह्यांनी बिचाऱ्यांनी खरंच एक पीजे ऐकवला. सगळे गप्प, सर पण गप्प, मी पाण्याची बाटली शोधत टेबलाखाली. आता हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न हे त्यांना कुठून माहीत असणार.

पण खरा घोळ सोमवारी झाला. एका पार्टीशी बिलाचा वाद मिटला, सरांनी केबिनमधून ओरडून सांगितलं, "राज़ीनामा बनाकर लाइए, आज ही साइन करेंगे". हिंदीत ते समझोत्याचं कागद हो! ताई इकडे ड्रॉवर रिकामा करून, डब्बा पिशवीत भरून, डोळे पुसत उभ्या, आणि वर मलाच विचारतात नोटीस पीरियड किती असतो. त्यांना समजावता समजावता माझे पोहे गार झाले, शेव पण नरम पडली.

आता सरांनी मलाच काम दिलंय, अशा शब्दांची यादी करून त्यांच्या टेबलावर चिकटवायची. शिक्षा (तिकडे शिक्षण, आपल्याकडे मार) आणि संसार (तिकडे सगळं जग, आपल्याकडे भांडीकुंडी) एवढेच सुचलेत. अजून कोणाला आठवतात का? शुक्रवारच्या आत सांगा प्लीज, त्या दिवशी अप्रेजल आहे ताईंचं.