‘सेन्सर गेला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
माझी पेट्रोल गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ घ्यायची, मग कुठं उठायची. चेक लाइट पेटलेलाच. स्कॅनर लावला तर पी-०३४० कोड. मिस्त्री म्हणाला, ‘कॅमचा सेन्सर गेला.’ (कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; तो किती फिरला ते हा सेन्सर सांगतो.) नवा बसवला. चार दिवसांनी तोच कोड, तोच त्रास. मग ‘गेला’ या शब्दाचा अर्थ काय धरायचा?

प्रतिसाद
विहिरीवरची मोटार बंद पडली की आपण दोन वेगळ्या गोष्टी बोलतो. ‘फेज गेला’ म्हटलं की माणूस डीपीकडे जातो. ‘मोटार गेली’ म्हटलं की ती वर काढून वाइंडिंगला नेतो. क्रियापद एकच, पण पहिल्यात येणारी वस्तू यायची थांबली, दुसऱ्यात वस्तूच संपली. फेज गेला म्हणून कुणी मोटार उपसत नाही.

पी-०३४० हा कोड ‘फेज गेला’ जातीचा आहे. कॅमच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढंच तो सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, कनेक्टर आला, वायरिंगही आलं. तुमच्या मिस्त्रीनं ते ‘मोटार गेली’सारखं वाचलं. चूक त्याच्या हाताची कमी, शब्दाची जास्त, असं मला वाटतं.

प्रतिसाद (गॅरेजवाला, वाशीम)
भाऊ, कोड पाहून पार्ट बदलाचा नाई. आंधी कनेक्टर काढून पाहा, पिना हिरव्या पडल्या काय, आत ऑइल उतरलं काय. तीन वायरचा सेन्सर असन तर चावी ऑन करून मीटर लावा. एका वायरले सप्लाय पायजे, कोन्या गाडीत ५ व्होल्ट, कोन्या गाडीत १२. दुसरी अर्थिंग. तिसरी सिग्नलची. कनेक्टर लावलेलाच ठेवून मांगच्या बाजूनं पिन घाला अन् क्रँकच्या (पिस्टन फिरवते तो मेन दांडा) पुलीले पाना लावून इंजिन हातानं हळू फिरवा. सिग्नल वरखाली झाला पायजे. क्रँक दोन चक्कर मारते तवा कॅम एक मारते, म्हून पुरे दोन चक्कर फिरवा. सप्लाय अन् अर्थिंग बरोबर हाय, तरी सिग्नल हालत नाई, तवाच सेन्सरवर बोट ठेवा. दोन वायरचा असन तर त्याले सप्लाय नसते, त्याची तपासणी अलग.

अन् पी-००१६ आला तर मामला दुसरा. तवा कॅम अन् क्रँकचा मेळ नाई जमत. दोन्हीले जोडनारी चेन ढिल्ली झाली काय ते पाहा लागते. त्याले आमी ‘टायमिंग गेलं’ म्हनतो.

प्रश्नकर्ता
वाशीमच्या भाऊंनी सांगितलं तसं केलं. सप्लायच येत नव्हता. गाडी कोठ्यात कुटाराजवळ उभी असते. वायरवरची नळी सरकवली तर कनेक्टरपासून चार बोटं मागं उंदरानं वायर कुरतडलेली, तांब्याचा एकच तंतू धरून होता. गाडी हादरली की तोही सुटत असणार. वायर जोडली आणि जुना सेन्सर परत बसवला. आता अर्ध्या सेल्फमध्ये उठते. नव्या सेन्सरचे पैसे उगाच गेले, याचं वाईट वाटतं.

प्रतिसाद
वस्तूच संपली असेल, तर त्यासाठी आपल्याकडे ‘कामातून गेला’ हा नेमका शब्द आहे. मीटर लावून खात्री झाली की ‘सेन्सर कामातून गेला’ म्हणावं, तोवर ‘सिग्नल येऊन नाई राह्यला’. हे दुसरं वाक्य ऐकलं की मिस्त्रीचा हात आपोआप वायरकडे जातो.