विषय: दिवेआगरच्या घराचं छप्पर आणि वादळाचे इशारे

प्रेषक: ओक्लाहोमा सिटी

सर्वांना नमस्कार,

आई-बाबा दिवेआगरला दोघंच असतात. निसर्ग वादळात मागची पडवी गेली आणि मुख्य घरावरची निम्मी कौलं फुटली. तेव्हापासून जे आहे ते तात्पुरतं आहे, अर्ध्या भागावर अजून ताडपत्री आहे. आता दिवाळीनंतर पूर्ण छप्पर नवीन करायचं ठरतंय. सुतार म्हणतो वासे वाळवीनं खाल्लेत, लोखंडी पाईप आणि रंगीत पत्रे टाका. बाबांना कौलंच हवीत. इथे आमच्या गॅरेजच्या जमिनीखाली टोर्नेडो शेल्टर आहे, फोन वाजला की मुलांना घेऊन आत उतरतो. तसंच काही गावी बांधून घ्यावं का, हाही विचार डोक्यात आहे. श्रीवर्धनचे काका आता कायमचे तिकडेच राहतात, त्यांनी आणि ज्यांची घरं किनाऱ्याला आहेत त्यांनी कृपया सांगावं.

---

प्रेषक: श्रीवर्धन

अगं, पत्रे की कौलं हे नंतर बघू. आधी बाबांना एवढंच विचार, की छप्पर भिंतीला कशानं धरलंय? जुन्या घरांत बहुतेकदा कशानंच धरलेलं नसतं. जांभ्याच्या भिंतीवर भाल म्हणजे आडवं लाकूड, त्यावर वासे, वाशांवर रीपा, रीपांवर कौलं, सगळं आपापल्या वजनावर बसलेलं. आपल्या पावसाला ही रचना उत्तम आहे. वादळी वारा मात्र छप्पर उचलतो. वरून जाताना तो कौलं ओढतो आणि पडवीच्या उघड्या बाजूनं आत शिरलेला वारा खालून रेटतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात जे छप्पर हललंसुद्धा नाही त्याच्या भरवशावर १२० च्या वाऱ्यात राहता येत नाही.

निसर्गनंतर आमच्या पट्ट्यात फिरताना एक गोष्ट ठळक दिसली. कौलारू घरांची कौलं गेली, पण वासे बऱ्याच ठिकाणी जागेवर होते. पत्र्याची कित्येक छपरं मात्र पाईपांसकट उचलली जाऊन शेजारच्या वाडीत पडली होती. पत्रा हलका. कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, भिंतीवर नुसत्या टेकवून वर सिमेंट थापलेलं. अशा कामाला लोक नवीन छप्पर म्हणून पैसे मोजतात, याचा मला फार त्रास होतो, कारण सुटलेल्या पत्र्याच्या वाटेत माणूस आला तर तो वाचत नाही.

तुला तिकडची मोजपट्टी माहीत आहे म्हणून सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, झोत त्याहून थोडे जास्त. टोर्नेडोचा जोर सांगणाऱ्या तुमच्या ईएफ मोजपट्टीवर हा वेग सगळ्यात खालच्या, ईएफ-० च्या पायरीत येतो. ती साधारण १०५ ते १३७ किलोमीटरची आहे. २०१३ मध्ये तुमच्या ओक्लाहोमातल्या मूरवर आलेल्या, सगळ्यात वरच्या ईएफ-५ पायरीच्या टोर्नेडोपुढे साधं घर टिकत नाही, तिथे शेल्टरच हवं. पण निसर्गसारखा वारा नीट बांधलेल्या छपराच्या आवाक्यातला आहे, आणि माझं सगळं सांगणं यावरच उभं आहे. फक्त एक फरक लक्षात घे. टोर्नेडो घरावरून मिनिटांत निघून जातो. इथे तासन् तास हिसके बसतात. सैल स्क्रू पहिल्या तासाला तग धरतो आणि तिसऱ्या तासाला निघतो.

तेव्हा पहिला खर्च भिंतीच्या माथ्यावर करा. चारही बाजूंनी सलग आरसीसीची पट्टी ओतून घ्या आणि ओतताना त्यातच बोल्ट सोडा. कैच्या त्या बोल्टांवर कसायच्या. जांभ्यात नुसता बोल्ट ठोकून भागत नाही, दगड भुगा होऊन सुटतो. मग वर पत्रा असो की कौल, खालची साखळी पक्की झाली. पत्रे घातलेत तर वळचणीला, दोन्ही कडांना आणि आढ्याजवळ स्क्रू दाट मारून घ्या, वारा तिथूनच बोट घालतो. खाऱ्या हवेत साधा स्क्रू गंजतो आणि उन्हानं वॉशरचं रबर तडकतं. पूर्वी पावसाआधी शाकारणी व्हायची, तशी आता दर एप्रिलात माणूस वर चढवून एकेक स्क्रू बघायचा. कौलंच ठेवायची असतील तर वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळी तारेनं रीपेला बांधून घ्या. बाबांचा हट्ट पुरवता येण्यासारखा आहे, फक्त वासे नवे लागतील.

पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडू नका. ते वेगळं असलं तर पडवी जाईल पण ओटी आणि माजघर उघडं पडणार नाही.

शेल्टर जमिनीखाली अजिबात नको. दिवेआगरला जमिनीत पाणी वरच लागतं, शिवाय वादळात समुद्र आत येण्याचं भय असतं. त्याऐवजी माजघराला लागून संडास-बाथरूम आणि दोन माणसांना पडता येईल एवढी एक खोली स्लॅबची करून घ्या. इथे मिनिटं नाही, अख्खा दिवस काढावा लागतो, म्हणून आत पाणी आणि शौचाची सोय हवीच. आणि सरकारी माणसं घर सोडायला सांगतात तेव्हा ही खोली आहे म्हणून मागे राहायचं नाही, हे बाबांकडून आत्ताच कबूल करून घे.

घरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या थंडीतच उतरवा. एका कलमाचा मोहोर जाईल, जाऊ दे. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं, म्हणजे पाऊस गेला की सुटलो असं नाही. माडाच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ इशारा आल्यावरही उतरवता येतात, पाडेकरी मिळाला तर.

---

प्रेषक: नॉर्मन, ओक्लाहोमा

काकांचं सगळं पटलं. मला उलट बाजूनं थोडं सांगायचंय. आपल्यापैकी कित्येकांचे आई-वडील एप्रिल ते जून इथे येतात आणि टोर्नेडोचाही भर तेव्हाच असतो. आपण ऑफिसला, मुलं शाळेत, घरात ते दोघंच. त्यांना पहिल्याच आठवड्यात प्रत्यक्ष दाखवा: सगळ्यात खालचा मजला, मधली बिनखिडकीची खोली, कपड्यांचं कपाट असलं तरी चालेल. पायात बूट, जमल्यास डोक्यावर सायकलचं हेल्मेट. खिडक्या उघडायच्या नाहीत, बाहेर बघायला जायचं नाही. शेल्टर असेल तर त्यांचे गुडघे तो जिना उतरतील का, तेही करून बघा.

‘वॉच’ आला तर टोर्नेडो होण्यासारखी हवा आहे, फोन जवळ ठेवून सावध राहायचं. ‘वॉर्निंग’ आली की वावटळ रडारवर किंवा कोणाच्या डोळ्यांना दिसलेली असते, लगेच खोलीत जायचं. हाताशी दहा-पंधरा मिनिटं असतील, कधी तीही नसतात. भोंग्यांवर विसंबू नका, ते घराबाहेरच्या लोकांसाठी असतात आणि बंद घरात झोपलेल्याला ऐकू जातीलच असं नाही. ओक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी बारा वाजता भोंग्यांची चाचणी असते, ते आधी सांगून ठेवा, नाहीतर उगाच घाबरतात. आई-बाबांच्या भारतातल्या सिमवर विसंबू नका. बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ त्यांच्या खोलीत ठेवा.

---

प्रेषक: ओक्लाहोमा सिटी

काका, वहिनी, मनापासून आभार. बाबांना मेल वाचून दाखवला, कौलं राहणार म्हणून खूश आहेत. काका, निसर्गच्या वेळी आमचा चार दिवस फोनच लागला नव्हता. इशारा आल्यापासून नेमकं काय करायचं, आणि इथे बसून मी काय करू शकते?

---

प्रेषक: श्रीवर्धन

इथे वेळ मिळतो, आणि तो वापरायचा असतो. निसर्गचा कमी दाबाचा पट्टा १ जूनला तीव्र झाला, २ ला चक्रीवादळ, ३ ला दुपारी आमच्या डोक्यावर. म्हणजे दोन दिवस. हवामान खात्याचा नारंगी रंग दिसला किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की बाबांनी टाकी भरून घ्यायची, कारण वीज गेली की विहिरीवरचा पंप बंद. तेव्हा आमच्याकडे वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. औषधं महिन्याची, थोडी रोख रक्कम, गॅसचा भरलेला सिलिंडर. अंगणातली प्रत्येक सुटी वस्तू आत. सचेत हे आपत्तीचे इशारे देणारं सरकारी ॲप बाबांच्या फोनवर तू व्हिडिओ कॉलवरून बसवून दे, त्यात सूचना मराठीत येतात.

वारा एकदम पडला तर कोणी दार उघडायचं नाही. केंद्र डोक्यावरून जाताना असं होतं आणि थोड्या वेळानं उलट्या दिशेनं तितकाच वारा सुटतो. माणसं त्या मधल्या वेळात कौलं बघायला बाहेर पडतात. आईला हे खास सांग, बाबा ऐकणार नाहीत.

तू करण्यासारखी दोन कामं आहेत. टॉवर पडले की फोन लागणारच नाही, तेव्हा आत्ताच महाड किंवा माणगावकडच्या एका नातेवाइकाशी ठरव, की रस्ता मोकळा झाला की त्यानं गाडी घेऊन बघून यायचं आणि तुला कळवायचं. मधल्या काळात तू त्यालाच विचारायचं. दुसरं, नव्या छपराचे आणि वाडीचे फोटो तारखेसकट काढून तुझ्याकडे ठेव. किती पोफळी, किती माड, किती कलमं, मोजून लिहून ठेव. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा झाडं आडवी झालेली असतात आणि आकडा सिद्ध करायला बाबांच्या हातात काही नसतं. आमच्याकडे कित्येकांचं तिथेच अडलं.

सुताराचा नंबर मला वेगळ्या मेलवर पाठव. पट्टीत बोल्ट किती अंतरावर सोडायचे ते इंजिनिअरकडून कागदावर घेतल्याशिवाय त्याला ओतायला देऊ नका. काम सुरू होईल तेव्हा मी जाऊन उभा राहतो.